धूळघाटची गाडी



वर्धापनदिनाच्या सभेत यंदा 'माझा प्रवास' या विषयावर चार-पाच जणींनी बोलावे असे चिटणीसबाईंनी ठरविले. माझ्या आधी ज्या बोलल्या, त्यांतील एकीने आपल्याला केदारनाथाला नेऊन आणले, दुसरीने लेकीच्या घरी दुबईला नेले. त्यांच्यामागून मी उठावे आणि अकोल्याहून खंडव्याला जाते म्हणावे, हे ऐकून तुम्हांला हसू येईल. उणेपुरे पावणेदोनशे किलोमीटरांचे अंतर! पण भगिनींनो, त्या अंतराला आमची गाडी निम्मा दिवस घेत असे, आणि तो निम्मा दिवस ज्या मुलुखातून जाई त्या मुलुखात आता आगगाडी जात नाही व पुढेही बहुधा जाणार नाही. केदारनाथाला तुम्ही उद्याही जाल. या गाडीने मात्र मीही जाऊ शकणार नाही. म्हणून हाच प्रवास सांगायचे ठरविले.

माझे माहेर अकोटचे आणि धाकटी मावशी दिलेली खंडव्याला. वऱ्हाड आणि निमाड यांच्यामध्ये सातपुडा आडवा पडला आहे खरा, पण सोयरिकी त्याला कधी जुमानल्या नाहीत. खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूला आपल्याकडच्या पुष्कळ मुली दिलेल्या आहेत व तिकडच्या पुष्कळ इकडे आल्या आहेत. लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा बडनेऱ्याहून अकोला, आणि अकोल्याला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचे, असा आमचा माहेरचा आणि मावशीचा रस्ता होता.

'छोटी गाडी' कशाला म्हणत, ते मुलींसाठी सांगते. मुंबई-नागपूरच्या रुळांची रुंदी १,६७६ मिलिमीटर. आमच्या गाडीचे रूळ बरोबर एक मीटरचे. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेचे त्याहूनही अरुंद, अडीच फुटांचे. शकुंतला कापसाची गाडी होती आणि तिच्यावर बोलायला दुसरा एखादा वर्धापनदिन लागेल. खंडव्याची गाडी मात्र माणसांची. स्वातंत्र्यानंतर खंडवा आणि हिंगोली यांच्या मधला तुटलेला भाग जोडला गेला, आणि उत्तरेकडचे मीटरचे रूळ व दक्षिणेकडचे मीटरचे रूळ एक झाले. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्स्प्रेस इंदूर, महू, खंडवा, अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड करीत हैदराबादच्या काचीगुड्याला पोहोचे, ती याच रुळांवरून. आम्हांला मीनाक्षीचे काही वाटत नसे. ती साहेबासारखी यायची आणि निघून जायची. आमची ती पॅसेंजर, जी प्रत्येक ठेसनावर थांबायची आणि जेथे ठेसन नाही तेथेही कधी कधी थांबायची.

बायकांची आणखी एक सोय या गाडीने केली होती. खंडव्याच्या पुढे तीच लाईन ओंकारेश्वर रोडला जाई. अकोला, अकोट भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या बाया ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन आल्या, त्या याच गाडीने आल्या. बरोबर पुरुष माणूस नसला तरी चालत असे. डब्यात निम्म्या ओळखीच्याच असत. दशम्या, ठेचा, भाजलेल्या शेंगा, आणि फिरकीचा तांब्या. एका गावची बाई उतरली की तिची जागा दुसऱ्या गावची घेई आणि मधेच तुटलेले बोलणे पुढे चालू राही.

अकोला सोडले की उगवा, गांधी स्मारक रोड, पाटसूल अशी ठेसने लागत, आणि वाटेत पूर्णा नदीचा पूल. हा सारा खारपाणपट्टा. काळीभोर जमीन, कापूस, तूर, हरभरा, नजर जाईल तिकडे सपाट. आणि विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही इतके खारट. अकोटला गाडी चांगली विसावा घेई. मग अडगाव, हिवरखेड. हिवरखेड सोडले की उत्तरेकडची डोंगराची निळी रेघ, जी आतापर्यंत नुसती रेघ होती, ती एकाएकी उभी राहून झाडे दाखवू लागे. खिडकीशी बसलेली मुले त्यासाठी आधीपासून भांडत.

तेथून पुढे मेळघाट.

चिखलदऱ्याला तुम्ही सगळ्या गेल्या आहात. परतवाड्यावरून घाट चढायचा, थंड हवा खायची, पॉइंट पाहायचे. तो मेळघाटाचा दिवाणखाना. आमची गाडी त्याच घराच्या मागच्या अंगणातून जाई. वान नदीचे खोरे, वान रोड नावाचे एकांड्या जागी असलेले ठेसन, मग धूळघाट, डाबका, आणि मग तुकईथड, जेथून मध्य प्रदेश. व्याघ्र प्रकल्पातून या गाडीचा रस्ता चाळीस किलोमीटरला थोडा कमी एवढा होता. मोटारीला हे अंतर म्हणजे काहीच नाही. आमच्या गाडीला ते पुरे एक निवांत जेवण आणि त्यावर एक झोप होते. पण झोपते कोण!

हे जंगल कोकणासारखे बारमाही हिरवे नव्हे. हा सागाचा, पानगळीचा रानमुलूख. ज्या महिन्यात जाल त्या महिन्याचा त्याचा वेष निराळा. फाल्गुनात गेलात तर झाडांना पान नाही, आणि मधूनच पळस पेटल्यासारखे. सालईची झाडे पांढुरक्या सालीने उघडी उभी. चैत्रात पहाटेच्या गाडीने गेलात तर खिडकीतून मोहाचा वास असा येई की डब्यात कोणीतरी गुळाची ढेप फोडली असे वाटावे. मोहाची फुले पहाटेच गळतात. ती वेचायला कोरकू बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली दिसत. वैशाखात जमिनीवर सागाची वाळकी पाने एवढाली पडलेली, की गाडी गेली तरी त्यांचा खडखडाट तिच्या आवाजावर चढे. मृगाचा पाऊस झाला की पंधरा दिवसांत सगळे पालटे. सागाचे नवे पान परातीएवढे होते. श्रावणात सागाच्या शेंड्यांना पांढरट मोहोर येतो, आणि वळणावरून खाली पाहिले तर दरीत धुके आहे की मोहोर आहे ते कळत नाही. मी लहान असताना गाडी थांबली की आम्ही सागाचे कोवळे पान तळहातावर चोळीत असू. हात मेंदी लावल्यासारखे लाल होतात. मावशीच्या घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांचे हात, गाल, फ्रॉक लाल झालेले आणि आईचा पारा चढलेला.

आणि थंडीत! मार्गशीर्ष-पौषात धावड्याची पाने तांबूस होतात. पहाटे वानच्या खोऱ्यात धुके इतके दाट की इंजिनाची शिट्टी पुढून येते की मागून ते समजत नसे. कोळशाचे इंजिन होते तोवर खिडकीत डोके काढायची बंदी. डोळ्यांत कण जात. पुढे डिझेलचे इंजिन आले आणि डोळ्यांची तक्रार गेली.

वाघ दिसला का, हे तुम्ही विचारणारच. नाही दिसला. इतक्या वर्षांत एकदाही नाही. सांबर दिसले, रानगवे दिसले, एकदा रुळांपासून हाताच्या अंतरावर अस्वल पाठमोरे बसलेले दिसले, मोर तर आपल्याकडे कोंबड्या दिसाव्यात तसे. वाघाने मात्र आम्हांला पुष्कळदा पाहिले असेल, याबद्दल मला शंका नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३ साली देशात ही योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मेळघाटाचे नाव घोषित झाले. म्हणजे रूळ आधी आले आणि प्रकल्प मागाहून. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. वनपिंगळा म्हणून एक लहानसे घुबड आहे. ते नाहीसे झाले असेच पक्ष्यांचे अभ्यासक समजून होते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते खानदेशातल्या सातपुड्यात पुन्हा सापडले आणि नंतर आपल्या मेळघाटातही मिळाले. आमच्या डब्यातल्या बायांनी ते कितीदा पाहिले असेल, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता धूळघाटचा आकडा. या गाडीने गेलेल्या प्रत्येक माणसाने हा प्रकार दुसऱ्याला सांगितलेला आहे, तेव्हा मलाही सांगितला पाहिजे. आगगाडी ही शेळीसारखी डोंगर चढू शकत नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ. शंभर पावलांत एखाद-दुसरे पाऊल चढ असला तरी इंजिनाला धाप लागते. डोंगर तर उभा. मग इंजिनीयर लोकांनी काय केले, तर रस्ता लांबविला. आपण चाळीवर धान्य वाळत घालताना दोरी आखूड पडली की वळसे कमी करतो. त्यांनी उलट वळसा वाढविला. धूळघाटाजवळ रूळ टेकडीला पूर्ण फेरा घालतात आणि आपलेच आधीचे रूळ पुलावरून ओलांडून पुढे जातात. आपला मराठी चार, ४, कागदावर काढून पाहा. वर दोन हात, खाली एक वाटोळा फास, आणि मध्ये एकमेकांना ओलांडणाऱ्या दोन रेषा. अगदी तसे. म्हणून लोक त्याला चारचा आकडाच म्हणत. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीलाही असे फेरे आहेत आणि ते पाहायला जगातले लोक जातात. आमच्या आकड्याचे नाव आमच्या डब्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तेथे गाडी इतकी हळू होई की मुलगे बढाया मारीत, 'आम्ही उतरून टेकडी चढून पलीकडे परत गाडी पकडतो' म्हणून. कोणी खरेच पकडली का, ते मी पाहिले नाही. मी माझ्या मुलाचा कान मात्र पकडून ठेवी.

मैत्रिणींनो, येथवर जे सांगितले ते कोणीही पाहुणा सांगेल. आता जे सांगायचे त्यासाठी मी हा विषय घेतला.

वान रोड आणि धूळघाट या ठेसनांवर डब्यात ज्या चढत त्या कोरकू बाया. कोरकूंची भाषा मराठीचीही बहीण नाही, हिंदीचीही नाही, गोंडीचीसुद्धा नाही. झारखंडाकडच्या संथाळांच्या, मुंडांच्या भाषांचे जे कुळ, त्या कुळातली ही सर्वांत पश्चिमेची भाषा. कुठे झारखंड आणि कुठे धारणी तालुका! 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. आपल्या जातीचे नाव त्यांनी नुसते 'माणसे' असे ठेवले आहे, हे मला फार आवडते.

या बाया चढत त्या मोळ्या घेऊन, मोहाची फुले, चारोळी, सीताफळे, तेंदूची फळे घेऊन, अकोटच्या बाजाराला. सुगीच्या दिवसांत तर कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरत, गव्हा-हरभऱ्याच्या सोंगणीला, कापूस वेचायला. आमच्या माहेरच्या शेतातली वेचणी कित्येक वर्षे अशाच बायांनी केली. डब्यात त्या खाली बसत. बाकावर जागा असली तरी खालीच. आमच्यातल्या काही जणी पदर आवरून पाय वर घेत. हेही सांगितले पाहिजे.

एकदा, हे १९८० च्या आसपासचे, मी खंडव्याहून परत येत होते. धूळघाटला एक म्हातारी आणि दोन पुरुष एका पोटुशीला धरून चढवू लागले. सून होती तिची. दिवस भरलेले, दोन दिवस कळा येऊन मोकळी होत नव्हती. डब्यातल्या पुरुषांना आम्ही दुसऱ्या टोकाला पिटाळले, बाकावरच्या वळकट्या काढून तिला आडवी केली, लुगड्यांचा आडोसा धरला. गार्डला निरोप गेला. तो स्वतः येऊन पाहून गेला, आणि त्यानंतर वान रोडला गाडी जेमतेम टेकली न टेकली तोच झेंडी हलली. मी म्हातारीला म्हटले, "मावशी, घाबरू नका, अकोट आता आलंच." ती सुनेचे पाय चोळीत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी हाये म्हनून आनलं, बाई. नाही त चार मानसायनं खाटेवर घालून न्यावं लागते. खाटेवरच्या बाया अर्ध्या वापस येते."

अकोटला तिला उतरवून घेतली. पुढे काय झाले ते कळायला मला महिना लागला. माहेरच्या गड्याकडून कळले, की बाई वाचली, मूल गेले. नंतर १९९३ साली मेळघाटातली मुले कुपोषणाने दगावतात म्हणून साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले, सभा झाल्या, मोर्चे निघाले, मोठमोठी माणसे धारणीला जाऊन आली. मला प्रत्येक वेळी त्या म्हातारीचे ते वाक्य आठवे. औषध पाहिजे, धान्य पाहिजे, हे सगळे बरोबर. पण त्याआधी कशात तरी बसून तेथवर पोहोचता आले पाहिजे. ती गाडी दवाखाना नव्हती. ती दवाखान्यापर्यंतचा रस्ता होती, आणि तिचे तिकीट मोळी विकणाऱ्या बाईला परवडत होते.

तर ही गाडी बंद झाली, १ जानेवारी २०१७ रोजी.

लोक सरसकट म्हणतात, वाघासाठी गाडी बंद केली. तसे नाही. गाडी बंद झाली ती रूळ रुंद करण्यासाठी. देशभर मीटरचे रूळ काढून मोठे रूळ टाकण्याचे काम चालू होते. अकोल्याच्या दक्षिणेचा पूर्णेपर्यंतचा भाग २००८ मध्येच मोठा झाला होता. तेव्हा इकडचाही होणार, चार-पाच वर्षे कळ काढा, मग मोठी गाडी येईल, असे सांगून छोटी थांबविली. वाघाचा प्रश्न मागाहून पुढे आला: आता जे रूळ टाकायचे ते याच जंगलातून टाकायचे काय?

मला विचाराल तर प्रश्न रास्त होता. छोटी गाडी जंगलाने पत्करली होती, कारण ती छोटी होती. दिवसाकाठी मोजक्या गाड्या, बैलगाडीहून जरा बऱ्या वेगाच्या. रुळांवर सांबर उभे असले तर शिट्टी देऊन थांबणाऱ्या. मोठ्या रुळांचे तसे नसते. त्यावरून रात्रंदिवस मालगाड्या धावतील, ऐंशी-शंभरच्या वेगाने. त्यांना आमच्या चारच्या आकड्याचे वळण चालणार नाही; त्यांना डोंगर फोडावा लागेल, भराव उंच घालावे लागतील. असे झाले की काय होते, ते आपल्या विदर्भातच पाहायला मिळते. गोंदिया-चंद्रपूरची गाडी एके काळी अशीच अरुंद रुळांची, रमतगमत जाणारी होती. तिचे रूळ रुंद झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळच्या जंगलात त्याच लाईनवर वाघिणीचे तीन बछडे एका गाडीखाली सापडले. तिन्ही गेले. वर्तमानपत्रात फोटो आला होता, तुमच्यातल्या काही जणींना आठवत असेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. वान नदी त्याच जंगलातून निघते. वारी भैरवगडाला तिच्यावर धरण आहे, हनुमान सागर. मघाशी ज्या खारपाणपट्ट्याचे सांगितले, तेथल्या अकोट, तेल्हारा भागातल्या बाया आज गोड पाणी भरतात ते या धरणाचे. माझी आई जन्मभर खारे पाणी शेंदत आली. डाळ शिजत नाही म्हणून रडकुंडीला येई. वरचे रान राहिले तरच खालचे पाणी राहते, हे सांगायला आपल्याला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही.

तेव्हा २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेला लिहिले, की लाईन मेळघाटातून नेऊ नका, बाहेरून न्या. बाहेरून म्हणजे हिवरखेडवरून सोनाळा, जामोद अशी बुलढाणा जिल्ह्याच्या कडेने, खकनारवरून तुकईथडला. सुमारे तीस किलोमीटरांचा फेरा पडतो. पण वाटेत मोठी गावे आहेत, ज्यांनी आजवर आगगाडी पाहिली नाही. रेल्वेनेही पुढे ही बाहेरची वाट मान्य केली. इकडे अकोला ते अकोट एवढा तुकडा मोठा होऊन २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावर गाडी सुरू झाली. तीही अगदी वेळेवर, कारण त्याच सुमारास गांधीग्रामला पूर्णेवरच्या रस्त्याच्या जुन्या पुलाला तडा जाऊन मोटारी बंद पडल्या होत्या. मधला अकोटच्या पुढचा तुकडा मात्र अजून जोडला गेलेला नाही.

बाहेरची वाट घेतली हे चांगले झाले, असे माझे मत आहे. माझ्या अकोटच्या भावाचे मत उलटे आहे. तो म्हणतो, "ताई, तुम्ही अमरावतीत बसून वाघ वाचवता, आमचा खंडव्याचा व्यापार गेला." त्याचे दुकान आहे, त्याला बोलायचा हक्क आहे. आम्हां दोघांचे भाऊबीजेला यावरून वाजते आणि मग अनारसे खाऊन मिटते.

पण या सगळ्या वादात, वाघाच्या बाजूने आणि रेल्वेच्या बाजूने इतकी माणसे बोलली, त्यांत धूळघाटच्या म्हातारीसारखी बाई कोठे बोललेली मी वाचली नाही. नकाशा काढून पाहा: जुन्या रुळांवर मोठी गाडी आली असती तरी ती तिच्या ठेसनावर थांबली असती याचा भरवसा नव्हता, बाहेरून गेली तर ती तिच्या गावाला लागतच नाही. दोन्ही बाजूंनी तीच मागे राहिली. धारणी तालुक्यात तिच्या गावाचे सरकारी दप्तरातले नाव 'धूळघाट रेल्वे' असे आहे. रूळ गेले तरी नाव तेच चालू आहे.

वानच्या जंगलातली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशी गावे वाघांसाठी उठवून खाली अकोट-तेल्हाऱ्याकडे वसविली. कुटुंबामागे दहा लाख रुपये देण्याची योजना होती. दहा लाख ही रक्कम ऐकायला मोठी आहे. जिने जन्मात बँक पाहिली नाही, जिचे सरपण, भाजी, औषध, देव सारे रानात होते, तिने ती कशी पुरवावी? शेतीची जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, अशी गाऱ्हाणी करीत यांतले काही लोक परत जंगलात जाऊन बसले, आणि २०१९ च्या जानेवारीत वनखात्याची माणसे व ते यांच्यात मारामारी होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली. वनखात्याचे शिपाईही आपल्याच घरची पोरे. मी कोणाचा पक्ष घेऊन बोलत नाही. एवढेच दिसते, की जंगल राखायचे ठरले म्हणजे त्याची किंमत कोणीतरी देतो, आणि या वेळी ती आपण अमरावतीकरांनी दिलेली नाही. आपली चिखलदऱ्याची सहल चालूच आहे.

मंडळाकडून काय होणार, असे मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारले. आगगाडी आपल्याला आणता येणार नाही आणि आणूही नये. पण धूळघाट रेल्वे, डाबका या बाजूच्या गावांहून धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे जायला बाजाराची आणि दवाखान्याची वेळ धरून रोज ये-जा करणारी एस.टी. असावी, पावसाळ्यात ती बंद पडू नये, आणि पोटुशीला रात्री-बेरात्री नेता येईल असे वाहन त्या बाजूला कायम उभे असावे, एवढे आपण मागू शकतो. आपल्या मंडळाने पूर्वी आपल्या गल्लीच्या नळासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे तीन खेपा घातल्या होत्या आणि नळ आला होता, हे जुन्या सभासदांना आठवेल. अर्जाचा मसुदा चिटणीसबाईंनी तयार केला आहे. सह्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर, तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवला आहे. नाव, पत्ता, सही. आणि ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबीही आहे.